पांढऱ्या पायाचा तोआन

आमच्या गावात माझ्या हातचं मीठ चालतं, पण माझा पाय चालत नाही. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी प्रत्येक घराला मीठ लागतं. वर्षाची पहिली खरेदी मिठाची असली की घरात माया टिकते म्हणतात. म्हणून मी सायकलला टोपल्या बांधून गल्लोगल्ली ओरडत जाते आणि बायका हसत हसत फाटकाशी येतात, वाडगं पुढे करतात, शिगोशीग भरून घेतात. फाटकाच्या आत मात्र मला कोणी बोलावत नाही. मी विधवा. नवरा बोटीबरोबर समुद्रात गेला, मूलबाळ नाही. वर्षाचं पहिलं पाऊल माझं पडलं तर त्या घराचं वाटोळंच व्हायचं! मला आता त्याचं काही वाटत नाही. मीठ मात्र त्या दिवशी मी दुप्पट भावानं विकते.

ज्याला वाटत होतं, त्याची ही गोष्ट आहे.

त्याचं नाव तोआन. सायगॉनहून उत्तरेला विन शहराकडे जाणारी झोपायच्या बाकांची बस चालवायचा. आमचं गाव त्याच हमरस्त्याला लागून, समुद्राच्या बाजूला. अंगानं दांडगा, बोलायला मऊ, आणि तोंडात कायम आल्याची वडी, कारण घाटात प्रवाशांना उलट्या व्हायला लागल्या की त्यालाही मळमळायचं. ड्रायव्हर असून! मी त्याला त्यावरून फार छळलं. तेतच्या आधीच्या दिवसांत सगळा देश घरी निघतो. सायगॉनच्या कारखान्यांतल्या पोरी, गवंडी, हमाल, कोणी मांडीवर मिठाईचे डबे, कोणी पायांत लिंबाएवढी नारिंगं लगडलेली कुंडी धरून, जागा नसेल तर मधल्या बोळात प्लास्टिकच्या स्टुलावर. त्या सगळ्यांना तोआन त्यांच्या त्यांच्या गावाच्या तोंडाशी उतरवत यायचा. तिथं कोणी ना कोणी मोटारसायकल घेऊन उभं असायचं. वर्षानुवर्षं त्यानं लोकांना घरी पोचवलं. स्वतः मात्र घरापर्यंत यायचा आणि बाहेर थांबायचा.

त्याचं कारण सांगते. आमच्यात वर्ष बदललं की घरात जो पहिला शिरतो, त्याच्या पायगुणावर त्या घराचं वर्ष जातं. म्हणून लोक तो माणूस आधीच ठरवून ठेवतात. बायको जिवंत हवी, मुलगे हवेत, धंदा तेजीत हवा, आणि त्याचं जन्मवर्ष येणाऱ्या वर्षाशी जुळायला हवं. आमच्या गावात असा सगळ्या बाजूंनी गोड माणूस एकच, भातगिरणीवाला बांग. तेतच्या सकाळी अर्धं गाव दारं लोटून बांगची वाट बघत बसतं. बांग नवा कोट घालून एकेका घरात शिरतो, तोंडभर शुभेच्छा देतो, पोरांच्या हातात पैशाची लाल पाकिटं ठेवतो आणि भाताच्या दारूचा एक पेला घेतो. नाही म्हणायचं नसतं. त्यामुळे चौथ्या घरापासून त्याचे पाय शुभ असतात, पण सरळ पडत नाहीत.

तोआन बसवर नवा लागला त्या वर्षी मालकानं त्याला शेवटची फेरी दिली. एकटा जीव, बायको नाही, पोर नाही, मग शेवटची फेरी दुसऱ्या कोणाला देणार? तो पहिल्या दिवशी पहाटे पोचला. वडलांसाठी जाड अस्तराचा कोट घेतला होता. कोट छातीशी धरून हा धावत सुटला तो थेट घरात. आईनं मिठी मारली, बापानं कोट दिवसभर अंगातून काढला नाही. कोणाच्या मनातही आलं नाही की बांग अजून यायचा आहे.

मग त्या वर्षी घरातली डुकरं मेली. धाकटा भाऊ लू, त्याचं कोळंबीचं तळं पुरात फुटलं. आणि पावसाळा सरता सरता बाप सुपारीच्या झाडावरून पडला आणि गेला.

झालं. गावाला कारण सापडलं. तोआन पांढऱ्या पायाचा! आता त्या वर्षी डुकरं सगळ्या तालुक्यातली मेली होती. रोगच आला होता. तोआन काय सगळ्या तालुक्याच्या घराघरांत शिरला होता? पण हे मी चहाच्या टपरीवर कितीही घसा फोडून सांगितलं तरी ऐकणारा चहा पिऊन निघून जायचा.

बाहेर थांब हे त्याला सांगितलं कोणी, तर त्याच्या आईनं. थोआ आजी वाईट बाई नव्हती. नवरा गेलेला, धाकट्या सुनेच्या पोटात दुसरं मूल, बिचारीचा जीव थरथरत होता. तेतच्या आधी फोनवर म्हणाली, "पोरा, यंदा जरा बाहेर थांब हं. बांग येऊन गेला की ये. तुझ्यासाठी केक ठेवते वेगळा." तो हो म्हणाला. आणि ते 'यंदा' पुढे दरवर्षी चालू राहिलं.

हमरस्त्याच्या कडेला माझी टपरी, टपरीमागे माझं घर. बस थांबली की तोआन उडी मारायचा, उरलेला रस्ता दुसरा ड्रायव्हर न्यायचा. हा माझ्या ओट्यावर येऊन बसायचा.

"मावशी, चहा आहे का?"

"चूल काय बांगसाठी पेटवलीय? बस. आणि आत ये, वारं आहे."

"नको, बूट चिखलाचेत."

"मग काढ."

"मोजे फाटलेत."

"फाटक्या मोज्यांना मी काय पाहुणचार करणारेय? ये आत."

"इथंच बरं आहे मावशी. बस येणारी-जाणारी दिसते." बस कुठली दिसणार होती त्याला त्या दिवशी? पहिल्या दिवशी हमरस्ता इतका रिकामा असतो की कोंबड्या मधोमध बसतात. मला वाटायचं, लाजतो.

माझं एक कुत्रं आहे, वेन. अंगावर पट्टे आणि स्वभाव सरकारी, म्हणजे काम काही नाही आणि जेवण वेळेवर. आमच्याकडे म्हण आहे, घरात मांजर आलं तर कंगाली, कुत्रं आलं तर भरभराट. त्यामुळे तेतच्या सकाळी वेनचा थाट बघावा! ज्या घरात शिरेल तिथं बायका त्याला हाड म्हणत नाहीत, उलट मांसाचा तुकडा टाकतात. तोआन ओट्यावर बसून ते बघायचा आणि हसायचा.

"मावशी, पुढच्या जन्मी मला वेन व्हायचंय."

"एक वेन माझ्या डोक्यावर मिरी वाटतोय तो पुरे आहे."

मग गल्लीच्या टोकाकडून लू हाक मारायचा, "दादा, ये! बांगकाका गेले!" आणि हा माणूस, ज्याच्या हातात चाळीस जणांचा जीव असायचा, तो हातातला चहा तसाच ठेवून पोरासारखा पळत सुटायचा. थोआ आजी त्याच्यासाठी एक केक लाल दोऱ्यानं बांधून ठेवायची. चिकट तांदळाचा, डाळ आणि डुकराचं मांस घातलेला, पानात गुंडाळून रात्रभर उकडलेला. तो चौकोनी केक प्रत्येक घरी असतोच, पण लाल दोऱ्याचा तोआनचा. दुसऱ्या दिवशी परतीची बस असायची. म्हणजे वर्षभरात घरात त्याचा एक दिवस, आणि त्यातली सकाळ माझ्या ओट्यावर.

ज्या तेतची गोष्ट सांगायची तो सर्पाच्या वर्षाचा, आमच्यात प्रत्येक वर्ष एकेका प्राण्याचं असतं. त्या हिवाळ्यात थोआ आजीच्या छातीत पाणी झालं होतं. तालुक्याच्या दवाखान्यातून तेतच्या आधी तिला घरी आणलं. तेतला आमचे दवाखाने ओस पडतात. ज्याला बसता येतं तो घरी येतो, आणि ज्याला बसता येत नाही त्याला तर आणतातच, कारण परक्या खाटेवर तेतला कोणाला मरायचं नसतं. चुलीचे देव वर्षाचा हिशेब सांगायला आकाशात जातात त्या दिवशी मी तिच्याकडे चुना घेऊन गेले, वर्ष सरताना घरोघर चुना विकत घेतात. वर्ष अजून जुनंच होतं, त्यामुळे माझा पाय आत चालत होता.

ती उशीला टेकून बसली होती. आवाज पार बसलेला. मला जवळ बोलावून म्हणाली, "लाय, तोआनला फोन कर माझ्यासाठी. माझा दम पुरत नाही."

"काय सांगू?"

"यंदा बाहेर थांबायचं नाही म्हणावं. सरळ आत यायचं. बांगच्या आधी. सगळ्यांच्या आधी."

स्वयंपाकघरात धाकटी सून न्यान केकची पानं धूत होती. तिथूनच म्हणाली, "आई, तापात काहीही बोलू नका. माझ्या थोरल्याची विद्यापीठाची परीक्षा आहे यंदा."

"परीक्षा त्याची आहे, पाय ह्याचे आहेत," म्हातारी म्हणाली. एवढं बोलून तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर माझा हात धरून म्हणाली, "मीच त्याला बाहेर बसवलं गं. मीच आत बोलावते. घर अजून माझं आहे."

मी तिथंच, तिच्यासमोर फोन लावला. तोआननं मला ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मावशी, आईला सांगा, काळजी करू नको. मालकाचे पाय धरून मी यंदा आधीची फेरी घेतलीय. वर्ष बदलायच्या आदल्या दुपारीच घरात असतो. मग कोण पहिला, कोण दुसरा, प्रश्नच नाही." म्हातारीला मी ते सांगितलं. ती हसली. तिला तसं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपार झाली, संध्याकाळ झाली, बस नाही. तोआनचा फोन आला. घाटाच्या अलीकडे ट्रक उलटला होता आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. "मावशी, पुढचं टोक दिसत नाही आणि मागचंही दिसत नाही." त्याच्या मागं कोणीतरी रडत होतं, कोणीतरी गाणी लावली होती. नवं वर्ष त्यांना तिथंच लागलं. बसमधल्या लोकांनी बिअरच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यात उदबत्त्या खोचल्या आणि रस्त्याच्या कडेला आपापल्या पूर्वजांना हात जोडले. हे त्यानं मला नंतर सांगितलं.

तो उजाडता उजाडता आला. मी मिठाच्या टोपल्या बांधत होते. बस थांबली, तो उतरला, आणि नेहमीसारखा ओट्यावर येऊन बसला. माझं डोकंच फिरलं.

"इथं काय बसलास? ऊठ! घरी जा!"

"बांगकाका येऊन गेले?"

"बांग गेला खड्ड्यात. आईनं तुला बोलावलंय. फोनवर काय सांगितलं होतं मी?"

"कशी आहे ती?"

"रात्रीपासून तुझं नाव घेत्येय. काल बारा वाजायच्या आत लू दोनदा येऊन बघून गेला."

त्यानं बूट काढले, परत घातले. "लूनंच बाहेर येऊन आत पाऊल टाकलं असतं तर?"

"लूचं जन्मवर्ष डुकराचं. सर्पाला डुक्कर चालतं का? वर्ष बदलल्यापासून न्याननं त्याला फाटकाबाहेर पाय ठेवू दिलेला नाही. तुझं काय चाललंय तोआन? तुला आईनं बोलावलंय, तुझ्या आईनं!"

तो माझ्याकडे बघत नव्हता. रस्त्याकडे बघत म्हणाला, "बाबांच्या वेळी मी असाच पळत गेलो होतो, मावशी."

"तुझा बाप सुपारीवरून पडला. सुपारीवर तू चढवलं होतंस का?"

"नाही. पण पडले तर खरे."

"अरे गाढवा..."

"आई धडधाकट असती तर गेलो असतो. ती आजारी आहे. आजारी माणसाच्या घरात मी वर्षाचं पहिलं पाऊल टाकू? आणि तिला काही झालं तर? तुम्ही मला सांगा, मग मी कुठं तोंड दाखवू?" त्यानं बुटाची नाडी सोडून परत बांधली. "बांगकाका येऊ देत. त्यांचा पाय चांगला आहे. त्यांचा पाय लागला की ती उठेल. मग मी जातो ना. थोडा तर वेळ आहे."

म्हणजे गावानं ह्याला पांढऱ्या पायाचा म्हटलं, आणि ह्यानं ते पाठ करून ठेवलं होतं. मला वाटत होतं की हा आमच्या खुळ्या गावाचं मन राखायला बाहेर बसतो. तसं नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की आपण बापाला खाल्लं. मिठाचं माप मी त्याच्या पायाशी फेकलं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि खरं सांगते, तो अजून गेलेला नाही.

मी सायकल घेऊन त्याच्या घराच्या फाटकाशी गेले. मिठासाठी ओरडले. न्यान वाडगं घेऊन आली. अंगात नवा लांब रेशमी झगा आणि विजार, डोळे सुजलेले.

"आले का भाऊजी?"

"आलाय. माझ्या ओट्यावर बसलाय. म्हातारी?"

"रात्रभर विचारतायत. आता तर दाराकडेच बघत असतात."

"मग त्याला बोलव. तू बोलावलंस तर येईल."

"मी अडवलंय का? येऊ देत की." वाडगं तिनं पोटाशी धरलं. "पण पुढं काही झालं तर माझ्याकडे बघू नका म्हणावं."

आता असं बोलावणं ऐकून कोण आत जाईल? मी तिच्या वाडग्यात मीठ घातलं आणि तशीच बांगला शोधायला गेले. बांग गावातल्या नव्या दुमजली घरात होता. तिथल्या मालकानं त्याला धरूनच ठेवला होता, एकेक मजला दाखवत होता आणि मजल्यामजल्याला एकेक पेला. मी फाटकातून ओरडले, "बांग! थोआ आजीकडे चल, आत्ताच्या आत्ता!"

तो गॅलरीतून वाकला. चेहरा लालबुंद. "मावशी, पहिल्या दिवशी ओरडू नये. वर्षभर ओरडावं लागतं."

"वर्षभर ओरडतेच आहे मी. तू खाली उतर!"

तो उतरला. पण वाटेत दोन घरांची दारं उघडी होती, ती माणसं हात धरून त्याला आत ओढत होती. त्यांचंही वर्ष होतंच. बांगनंही कोणाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणणं अपशकुनाचं.

मी परत आले तर तोआन त्याच्या घराच्या फाटकापर्यंत आला होता. आत नाही, बाहेर. खांबाला हात लावून उभा. हातात सायगॉनहून आणलेली पिशवी, तीत आईसाठी लोकरीचे मोजे होते. घराचं पुढचं दार उघडं होतं आणि आजीची खाट बाहेरच्याच खोलीत, पडद्यामागे. अंगण काही मोठं नाही. एका उडीत पार होईल एवढं.

त्यानं हाक मारली. "आई! मी आलोय. पोचलो बघ."

आतून आवाज आला. अगदी बारीक, पण मी ऐकला. "ये."

"आलोच आई! बांगकाका निघालेत. एवढ्यात येतील."

"ये."

"आलोच! पाचच मिनिटं!"

त्यानंतर आतून काही आलं नाही. तोआन माझ्याकडे वळून म्हणाला, "झोप लागली वाटतं." मी म्हटलं, "जा रे." नुसतं तेवढंच म्हणवलं मला, ओरडायचं बळ उरलं नव्हतं. तो खांबाला धरून उभाच. लू दारात आला, भावाकडे बघितलं, खाली बघितलं, परत आत गेला. आणि मी, जिला त्याला धरून आत ढकलता आलं असतं, मीही फाटकाबाहेरच. माझा पाय त्याच्याहून पांढरा.

शेवटी बांग आला. दोन्ही बाजूंनी माणसं धरून होती. तोआननं बाजूला होऊन त्याला वाट दिली आणि चक्क कमरेत वाकून नमस्कार केला. "काका, लवकर." बांगनं कोट सारखा केला, उंबरठा ओलांडला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं गरजला, "नवं वर्ष सुखाचं जावो! धंदा वाढो, पोरं पास होवोत! आणि थोआ आजी, तुम्ही शंभर वर्षं जगा!" मग पडदा सरकवल्याचा आवाज आला. "आजी, मी म्हटलं, शंभर वर्षं..."



न्यान दारात आली. तोंडावर हात दाबून धरलेला. तिनं तोआनकडे बघितलं. आता त्याला आत यायला काहीच हरकत नव्हती.

आत काय झालं ते मला नंतर लूनं सांगितलं. तोआननं आईच्या पायांत मोजे घातले. रडायला तोंड उघडलं तसा न्याननं त्याचा दंड धरला. पहिल्या दिवशी घरात रडायचं नसतं, वर्षभर रडावं लागतं. आणि मरण पहिल्या दिवशी जाहीरही करायचं नसतं, सगळ्या गावाचं वर्ष नासतं. दुष्ट नाही म्हणणार मी न्यानला, रीतच तशी आहे, माझ्या घरी असतं तर मलाही लोकांनी तेच सांगितलं असतं. सुतकाची पांढरी फडकी डोक्याला दुसऱ्या दिवशी बांधायची ठरलं. पडदा ओढून घेतला, उदबत्त्या जास्तीच्या लावल्या. बांगच्या तोंडात आल्याची वडी कोंबून त्याला शपथ घालून पुढच्या घरी पाठवलं. त्याला अजून बरीच घरं होती.

मग पाहुणे येऊ लागले. तेतचा पहिला दिवस, दार बंद ठेवता येत नाही. घरात थोरला मुलगा हजर, म्हणजे चहा ओतायचा मान त्याचा. तोआन बसला आणि चहा ओतत राहिला. येणारा प्रत्येक जण विचारी, "आजी कशा आहेत?" हा म्हणे, "झोपलीय." लोक आजीच्या नावानं लाल पाकीट पुढं करत, म्हाताऱ्या माणसाला आयुष्य लाभो म्हणून. हा दोन्ही हातांनी घेई, आभार मानी आणि पडद्याशेजारी ठेवी. न्याननं लाल दोऱ्याचा केक कापून त्याच्यासमोर ठेवला. पाहुण्यांदेखत नको म्हणता येत नाही. त्यानं तो सगळा खाल्ला.

मी फाटकाबाहेरून जाताना एकदा आत बघितलं. तो कोणाच्या तरी विनोदावर हसत होता.

आता बांगच्या पहिल्या पावलावर माणूस गेलं, तर गावानं बांगला काय म्हणायला हवं होतं? सांगा बघू! काही नाही म्हटलं. शुभ पाय शुभच. गाव म्हणालं, तोआन फाटकात उभा होता, त्याची सावली अंगणात पडली. आवाज आत गेला. पाय नव्हता, पण हाक तर गेली ना पहिली! हे त्याला कोणीतरी तिथंच, अंत्ययात्रेत ऐकवलं. त्यानं मान हलवली. त्याला पटलं होतं.

पुढच्या तेतला मला वाटलं नव्हतं तो येईल. आई नाही, घरात बोलावणारं कोणी नाही, आणि वर आईचं सुतक, ते आमच्यात वर्ष उलटलं तरी सुटत नाही, म्हणजे कोणाच्याच घरी जायची सोय नाही. पण पहाटे बस थांबली आणि तो उतरला. सवय असते पायांना. ओट्यावर बसला, केस बरेच पांढरे झालेले. आल्याची वडी तोंडात होती.

मी दार सताड उघडलं. "ऊठ. आज पहिलं पाऊल माझ्या घरात तू टाकायचंस. मी आमंत्रण देते तुला. बांगला देतात तसं."

"मावशी, चेष्टा करू नका."

"चेष्टा नाही. माझं काय वाटोळं व्हायचं राहिलंय? नवरा गेला, पोर नाही, दातसुद्धा चारच उरलेत. ये."

तो उठला. दारापर्यंत आला. बूट काढले, मोजे काढले, फाटके नव्हते. उंबरठ्याशी उभा राहिला आणि उभाच राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला एकदम समजलं की इतकी वर्षं बूट चिखलाचे का होते आणि मोजे फाटके का होते. तो मला जपत होता.

"तुम्हाला काही झालं तर, मावशी?" तो म्हणाला. मग त्यानं चुटकी वाजवली. ओट्याखाली झोपलेला वेन उठून आला. तोआननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जा. आधी तू."

वेन शेपटी हलवत आत गेला, घरभर हुंगून आला. त्याच्यामागून तोआन आत आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या चुलीपुढे बसून चहा प्याला. बाहेर कोणाला ऐकू जाणार नाही असा रडला. मी त्याला पहिल्या दिवशी रडू नये वगैरे काही म्हटलं नाही. त्यानंतर तो गावात आलेला नाही. त्याची बस जाते, टपरीसमोर हॉर्न वाजवते आणि पुढे निघून जाते.

ते वर्ष मला चांगलं गेलं. रस्ता रुंद झाला, टपरीला गिऱ्हाईक वाढलं, माझा गुडघासुद्धा दुखायचा थांबला. कुत्र्याची हकीकत गावभर झालीच होती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्यान माझ्याकडे आली, हातात केकची जोडी, एकाला लाल दोरा.  वाटलं, उशिरा का होईना, दिराची आठवण झाली, त्याला निरोप द्यायला आली.

तिनं केक माझ्यासमोर ठेवले, ओट्याखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, थोरला तिसऱ्यांदा परीक्षेला बसतोय. उद्या पहाटे तुमचं कुत्रं द्याल का?"